गरवायला जाण्यासाठी गाडी: शोरूममध्ये जाण्याआधी काय काय मोजायचं

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जायला गाडी बघतोय, असं मित्रांमध्ये कोणी म्हटलं की उत्तरं ठरलेली असतात: थार, जिम्नी, पुन्हा थार, आणि ‘पैसे असतील तर सरळ हायलक्स पिकअप’. एखादा कोपऱ्यातून म्हणतो, मारुतीची इको व्हॅन घे. त्याला सगळे हसतात. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत त्या कोपऱ्यातल्या माणसाचं उत्तर खरं असतं, किंवा खऱ्याच्या जवळ तरी असतं.

मुंबई-पुण्याहून रेवदंडा, हर्णै, जयगड किंवा भिगवण गाठताना जवळजवळ सगळा रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा आहे. उरतो तो शेवटचा अर्धा किलोमीटर. तो गाडीने कापायचा की सामान खांद्यावर टाकून चालत जायचं, एवढ्या एका प्रश्नावर बजेट दुप्पट होऊ शकतं. आणि पाण्यापर्यंत नेलेल्या गाडीने मासे जास्त लागत नाहीत, हे मीठ खाल्लेला कोणीही गरवणारा सांगेल.

आधी जागा लिहून काढा, गाडी नंतर

कागद घ्या आणि गेल्या वर्षी खरोखर जिथे गेलात त्या जागा लिहा. जिथे जायचं मनात आहे त्या नकोत. प्रत्येक जागेपुढे शेवटच्या रस्त्याचं वर्णन करा: डांबर, मुरूम, वाळू, चिखल, कातळ. महाराष्ट्रात साधारण पुढचे प्रकार निघतात.

धक्का, जेट्टी, खाडीवरचा पूल. इथे स्कूटरही चालते. पुढे काही वाचायची गरज नाही, जी गाडी आहे ती ठेवा.

खाडीकाठची गावं. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या मुखाशी जिताडा आणि तांबोशी या माशांसाठी जाणाऱ्यांना माहीत आहे की तिथे अडचण चिखलाची कमी आणि रुंदीची जास्त असते. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), मधून एक बोळ, समोरून रिक्षा. इथे गाडीची रुंदी हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा ठरतो आणि तोच कोणी बघत नाही. इको १४७५ मिलिमीटर रुंद आहे, वॅगनआर १६२०, जिम्नी १६४५. तीन दारांची थार १८२०, थार रॉक्स १८७०, हायलक्स १८५५. इको आणि हायलक्स यांच्यात जवळजवळ सव्वा फुटाचा फरक आहे. वर हायलक्सची लांबी ५३२५ मिलिमीटर, म्हणजे बोळाच्या टोकाला वळवायला जागा नसली तर अख्खा बोळ रिव्हर्समध्ये.

कातळ आणि सडा. देवगड, विजयदुर्ग, मालवणच्या बाजूला सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, बैलगाडीची वाट जाते. दगड वर आलेले असतात, पण जमीन घट्ट असते. इथे गाडी जमिनीपासून उंच हवी. फोर बाय फोर (इंजिन चारही चाकं फिरवतं अशी गाडी) असलीच पाहिजे असं नाही. शेवटी कड्यावरून खाली उतरायचं ते पायीच.

उजनीचा काठ. काळी माती. कोरडी असताना कोणतीही गाडी पाण्यापासून हाकेच्या अंतरावर जाते आणि तिथेच माणूस फसतो, कारण एक सर पडली की तीच माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करून टाकते. गुळगुळीत टायरवर चारही चाकं फिरवणारी गाडी चारही चाकांनी घसरते. इथला उपाय म्हणजे गाडी मुरमाच्या रस्त्यावर लावणं आणि आभाळाकडे लक्ष ठेवणं.

सह्याद्रीतली धरणं. काठाकडे उतरणारा मुरमाचा तीव्र उतार. उतरणं सोपं, चढणं अवघड. याबद्दल पुढे.

वाळूचा किनारा मी यादीत मुद्दाम धरत नाही. अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाईचे फलक आहेत, गोव्यात तर तो कायद्यानेच गुन्हा आहे. दर सुट्टीत कुठल्या तरी किनाऱ्यावर भरतीत अडकलेल्या गाडीचा व्हिडिओ फिरतो, त्यात फोर बाय फोरही असतात.

जागा लिहितानाच परवानगीचाही रकाना ठेवा. बहुतेक धरणांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो, तो यादीतून काढूनच टाका. मुंबईकरांसाठी पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे सभासद होऊन गरवणाऱ्याला तर गाडीचा प्रश्नच फारसा पडत नाही.

सामान मोजा, तेही पीव्हीसी पाइपने

बूट (गाडीची मागची डिकी) किती लिटरचा, हा आकडा गरवणाऱ्याच्या कामाचा नाही. लिटर म्हणजे बॅगा. आपलं सामान लांब असतं.

किनाऱ्यावरून फेकायचा बारा फुटी रॉड दोन तुकड्यांचा असेल तर एक तुकडा सहा फुटांचा होतो, तीन तुकड्यांचा असेल तर चार फुटांचा. हार्डवेअरच्या दुकानातून साडेसहा फुटांचा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप कापून आणा आणि तो घेऊन शोरूममध्ये जा. सेल्समन चमकेल, चमकू द्या. मागची सीट पाडून, पुढच्या दोन सीटच्या मधून पाइप घालून बघा. गिअरला अडतो का? मागचं दार ढकलावं न लागता बंद होतं का? आणि मुख्य म्हणजे, पाइप आत असताना मागच्या सीटवर एक माणूस बसू शकतो का? यासाठी मागची सीट दोन भागांत पडणारी हवी. पूर्ण सीट एकदम पडत असेल तर तुमची गाडी रॉडसह दोन माणसांचीच झाली. बऱ्याच सेडानमध्ये मागची सीट पडतच नाही, त्यामुळे त्यांचा विचार इथेच थांबतो.

रॉड खिडकीतून बाहेर काढून नेऊ नका. आणि टपावर किंवा मागे बाहेर निघणाऱ्या सामानाबद्दल, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर आलेल्या सामानासाठी वीस हजारांचा दंड ठेवला आहे. कॅरिअर बसवायचाच असेल तर गाडीच्या कंपनीचा अधिकृत बसवा, आणि रॉड बंद नळीत घालून गाडीच्या लांबीच्या आतच राहील असं बघा.

दुसरी वस्तू बर्फाची पेटी. आपल्या हवेत मासे नीट राहायला वजनाला वजन बर्फ लागतो, पाच किलो मासळीला पाच किलो बर्फ. पन्नास लिटरची पेटी बर्फ, पाणी आणि मासळीने भरली की एका माणसाइतकी जड होते. हौशी माणसाची पेटी मासळीने भरत नाही, तो भाग वेगळा. पण भरो न भरो, ती उचलून गाडीत ठेवायची आहे, म्हणून मागच्या दाराचा उंबरा किती उंच आहे ते बघा. गुडघ्याच्या थोडा वर ठीक. खोल खड्ड्यासारखा बूट असेल तर परतीच्या वेळी कंबर बोलते.

आणि मागचं दार कसं उघडतं? वर उघडणारं दार पावसात डोक्यावर छप्पर होतं. त्याखाली उभं राहून गाठी मारता येतात, आमिष लावता येतं, कपडे बदलता येतात. जिम्नी, थार, बोलेरो यांचं मागचं दार स्टेपनी पाठीवर घेऊन बाजूला उघडतं: छप्पर नाही, आणि मागे भिंत असेल तर दारही पूर्ण उघडत नाही. छोटी गोष्ट आहे, पण कोकणातल्या पावसात ती छोटी राहत नाही.

उंची, आणि चाकं कोणती फिरतात

जाहिरातीत दिलेली जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीची धरा. चार माणसं आणि भरलेली पेटी बसली की मागची बाजू चांगलीच खाली येते. आकडे असे: इको १६०, वॅगनआर १६५, बोलेरो १८०, एर्टिगा १८५, टाटा पंच १८७, जिम्नी २१०, थार २२६ मिलिमीटर. साध्या मुरमाच्या वाटेला १८० पुरते. १६५ वाली गाडी जाते, पण ड्रायव्हरने उतरून दगड बघायची सवय ठेवावी लागते.

पुढचं नाक किती लांब आहे तेही बघा. सागरी मार्गाने जाणाऱ्यांना आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटी घ्याव्या लागतात. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीचा रॅम्प यांच्यात कोन वाढतो आणि खाली झुकलेला बंपर नेमका तिथे घासतो.

आता धरणाचा तो उतार. पुढची चाकं फिरवणारी गाडी चढताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि मुरमावर फिरत राहतात. म्हणून अशी गाडी पुढून चढत नसेल तर वळवून रिव्हर्समध्ये चढवा, वजन फिरणाऱ्या चाकांवर येतं. मागची चाकं फिरवणाऱ्या इको आणि बोलेरोला इथे निसर्गतःच फायदा मिळतो, विशेषतः मागे वजन भरलेलं असताना. बोलेरो निओच्या काही व्हेरियंटमध्ये लॉक होणारा डिफरन्शियल मिळतो; एक चाक हवेत किंवा चिखलात फिरू लागलं तर तो दुसऱ्या चाकाला ताकद देतो. आपल्या कामासाठी मला ही सोय संपूर्ण फोर बाय फोरपेक्षा जास्त व्यवहारी वाटते.

मग फोर बाय फोर कोणी घ्यावी? ज्याच्या कागदावर वर्षभर चिखलाच्या आणि चढाच्या जागा निम्म्याहून जास्त आहेत, जो पावसाळ्यातही जातो आणि एकटा जातो, त्याने. जिम्नी त्यासाठी उत्तम: वजनाला सुमारे बाराशे किलो, अरुंद, लो रेंजसह (कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) खरी फोर बाय फोर. किंमत मोजावी लागते ती जागेत. चार सीट, मागच्या सीट उभ्या असताना बूट २०८ लिटर. चौघे आणि चौघांचे रॉड तिच्यात बसत नाहीत. दोघांची गाडी आहे असं समजून घ्या, मग तक्रार राहत नाही.

घेतलीच तर एक गोष्ट तिच्याबरोबरच घ्या: बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि प्रेशर गेज. भुसभुशीत जमिनीवर टायरमधली हवा ३२ वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी निघते. रस्त्यावर आल्यावर मात्र वेग घेण्याआधी हवा परत भरायची.

पाण्यातून जाण्याच्या बाबतीत गाडी कुठलीही असो, फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. थारची पाण्यात चालण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते, ती साचलेल्या पाण्याची. वाहतं पाणी गाडी उचलतं.

मग कोणती?

दुचाकी. एकटे जात असाल आणि जागा तासाभरावर असेल तर चारचाकीचा विचारच कशाला? चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड पाठीवरच्या नळीत बसतो, स्कूटरच्या पुढच्या जागेत छोटी पेटी उभी राहते. कच्च्या वाटेसाठी जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच असलेली हिरोची एक्सपल्स मोटरसायकल आहे. रॉड उभा बांधू नका, फांद्या आणि तारा दोन्ही वाट बघत असतात. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो.

दोघे-तिघे, आणि गाडी रोज ऑफिसलाही लागते. वॅगनआर किंवा पंच. वॅगनआरचं छत उंच आहे, माणूस आत बसून कपडे बदलू शकतो. पंच जास्त उंच आणि मजबूत आहे, ग्लोबल एनकॅपच्या (गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणारी संस्था) २०२१ च्या चाचणीत तिला पाच तारे होते. दोन्हींपैकी एक निवडायची तर मी पंच घेईन, कारण पहाटे तीनला उठलेला माणूस संध्याकाळी मुंबई-गोवा महामार्गावरून परत येत असतो आणि खरा धोका त्या परतीच्या प्रवासात असतो.

चौघे-पाच, सामान भरपूर, बजेट कमी. इको. सरकणारी दारं बोळातही उघडतात, मागचं दार वर उघडतं, मागे सपाट जागा आहे. तोटेही ऐका: इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे लांबच्या प्रवासात बूड गरम होतं, आणि २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या इकोला ग्लोबल एनकॅपमध्ये शून्य तारे मिळाले होते. जुनी घेत असाल तर एअरबॅग असलेलंच मॉडेल शोधा, आणि ताशी ऐंशीच्या आत राहा. कुटुंबही नियमित बसणार असेल तर एर्टिगा: तिसरी रांग पाडली की ५५० लिटर जागा होते.

गावाकडे राहणारे, ज्यांना आंब्याच्या पेट्या आणि सिमेंटच्या गोण्याही न्यायच्या आहेत, त्यांना बोलेरोबद्दल मी काही सांगण्याची गरज नाही.

पिकअप, म्हणजे हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस. वास केबिनमध्ये येत नाही, हौदा पाइप लावून धुता येतो, कल्पना सुंदर आहे. पण मुंबईत ती लावायची कुठे, आणि उघड्या हौद्यातले रॉड चहाच्या टपरीवर सांभाळायचे कोणी? स्वतःची होडी ट्रेलरवर ओढणारा असेल तर त्याने जरूर घ्यावी.

इंधनाचं थोडक्यात. रविवारीच लांब जाणारी आणि एरवी घर ते स्टेशन धावणारी गाडी डिझेल नको. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातला फिल्टर लहान फेऱ्यांत साफ होत नाही आणि मग दिवा लागतो. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकी बूट खाते. टाटाने दोन लहान टाक्या खाली बसवून पंचमध्ये २१० लिटर जागा राखली आहे. त्यातही पेटी आणि रॉड यांची पाइप-परीक्षा घ्याच.

मीठ आणि वास

गाडी निवडताना हा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो. गाडी विकताना सगळ्यात आधी येतो.

मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून खारं पाणी वाळलं तरी पत्रा ओला राहतो. किनाऱ्याहून आल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा: चाकांच्या कमानी, सस्पेन्शन, सायलेन्सर. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, त्याने धुणं म्हणजे मीठच लावणं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोकं असतात, ती वाळूने बुजतात. काडीने मोकळी करा. नवी गाडी असेल तर पहिल्या पावसाळ्याआधी खालून गंजरोधक थर मारून घ्या.

आतल्या बाजूला कापडी गालिचा असलेली गाडी असेल तर मागच्या भागात कड असलेला रबरी ट्रे बसवा आणि त्यावर ताडपत्री. सीटसाठी रेक्झिनची कव्हरं. पेटीच्या तळाचा बूच नीट बसतो की नाही हे घरी पाणी भरून बघा, कारण वितळलेल्या बर्फाचं पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात जमलं की वास कुठून येतोय ते आठवडाभर कळत नाही.

सांडलंच तर गरम पाणी वापरू नका, रक्त आणि चिकटपणा त्याने कापडात शिजून बसतो. आधी थंड पाणी, मग एक वाटी व्हिनेगरमध्ये तीन वाट्या पाणी. मासळीचा वास अल्कधर्मी असतो, आंबट पदार्थ त्याला मारतो. कोळंबी साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतो ते याचसाठी. वाळल्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून काढा. सुगंधी बाटली टांगू नका, बोंबील आणि मोगरा एकत्र सहन होत नाही.

जुनी गाडी घेताना

या छंदासाठी जुनी गाडी हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. ओरखड्याची भीती गेली की माणूस मोकळा होतो. २०२२ मध्ये बंद झालेली पहिल्या पिढीची रेनो डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह नीट ठेवलेली मिळाली तर तिचा सुमारे ४१० लिटरचा बूट दोन भरल्या पेट्यांनाही पुरतो. सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक आपल्या गावात आहे का, ते आधी विचारा.

मात्र पुरात बुडालेल्या गाड्या बाजारात आहेत हे लक्षात ठेवा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाशी गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज, दिव्यांच्या काचेआत वाफेचे डाग, आणि गाडीत फार तीव्र अत्तर, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर चहा पिऊन परत या. गाडी किनाऱ्यावरची असेल तर मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायला सांगा.

विम्यात इंजिन प्रोटेक्टची जोड घ्या. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही.

गाडी आली, आता ती लावायची कुठे

खाडीकाठी गाडी लावताना भरतीची रेषा बघा: वाळलेलं शेवाळ, काटक्या, प्लास्टिक जिथपर्यंत आलंय त्याच्या बरीच वर. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, तीही दिवसात दोनदा. साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पावसाळी उधाणात मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तेव्हा कालची कोरडी जागा आज पाण्यात असू शकते. भरतीचा तक्ता फोनवर असतोच, तिथीचा हिशोब रेंज नसलेल्या जागांसाठी.

गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला करूनच लावा. होड्या ओढायची वाट, जाळी वाळवायची जागा आणि कोणाचं अंगण अडवू नका. शंका असेल तर समोरच्या घरात विचारा, दादा, गाडी इथे लावली तर चालेल का? जागा तर मिळतेच, आज कुठे काय लागतंय तेही बहुधा कळतं.

किल्ली. आजकालच्या बटणाच्या किल्लीत सर्किट असतं आणि खाऱ्या पाण्यात पडली की ते संपतं. ती झिपच्या जलरोधक पिशवीत घालून गळ्यात ठेवा. दुसरी किल्ली सोबतच्या माणसाकडे द्या, गाडीत नको. आणि एसी लावून बंद गाडीत झोपू नका. डुलकी काढायची असेल तर इंजिन बंद, काचा दोन बोटं खाली, मच्छरदाणीचा तुकडा चुंबकाने दाराला.